तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना सांगायचं का?

माझ्या आईला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप उदास तर कधी अती उत्तेजित होण्याचा मानसिक आजार, हे मी लपवत नाही, त्यामुळे एक प्रश्न मला सारखा येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असतं. पोरं तर ठीक आहेत, अभ्यास करतायत, खेळतायत, मग आईबाबांच्या मानसिक आजाराबद्दल आत्तापासून सांगून त्यांच्या डोक्याला ताप कशाला?

सांगा. पोरांना कळत नाही असं आपण धरून चालतो पण त्यांना सगळं दिसत असतं, आई दिवसभर अंथरुणातून उठत नाही, मग अचानक रात्र रात्र जागते, आपण खोलीत आलो की मोठे गप्प होतात, आणि कारण कुणीच सांगितलं नाही की मूल स्वतःच कारण लावतं आणि ते बहुतेक वेळा "माझ्यामुळे" असंच असतं. मला वाटायचं मी त्रास नाही दिला तर आई बरी होईल, म्हणून मी इतकी गुणी झाले की सगळे कौतुक करायचे. कुणालाच काळजी वाटली नाही! धाकट्याला भरवणारं, आईच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारं मूल बाहेरून ठीकच दिसतं हो.

आता भीतीचं. 2014 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात गंभीर मानसिक आजार असलेल्या पालकांच्या साधारण तीनातल्या एका मुलाला मोठं होईपर्यंत तसाच काहीतरी गंभीर आजार झालेला दिसला. पण त्याआधी 2012 मध्येही एक आढावा आला होता, अशी मदत देऊन पाहणारे 13 अभ्यास, जवळपास 1500 मुलं, आणि ज्या कुटुंबांना आधीच मदत मिळाली तिथे पालकाचाच आजार मुलाला होण्याचा धोका 40 टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता. म्हणून मी पोरं ठीक असतानाच मदत घ्या म्हणते.

आणि ही मदत फार मोठी नसते. फिनलंडमध्ये तुत्ती सोलान्ताउस या डॉक्टरबाईंनी जी पद्धत बसवली त्यात पालकासोबत दोनेक बैठका असतात, मूल घरी कसं आहे, शाळेत कसं, मित्र आहेत का, त्याचं काय छान चाललंय, कुठे अडतंय, एवढंच नीट बोलायचं. नॉर्वेत तर 2010 पासून कायदाच आहे, पेशंटला लहान मुलं असतील तर त्यांच्याकडेही बघणं आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम. आईच्या इतक्या वर्षांच्या उपचारात घरी मूल आहे का हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्हीच सांगा. आपण वाईट आईबाप ठरू या भीतीने लोक गप्प बसतात, ती भीती मला समजते, पण त्यात मूल एकटं पडतं.

मुलाशी काय बोलायचं? आजाराचं नाव सांगा. तुझ्यामुळे झालेलं नाही आणि बरं करणं तुझं काम नाही, हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगा. बाबांना जास्त त्रास झाला तर तू कुणाकडे जायचंस, कुणाला फोन करायचास हे बाबा बरे असतानाच त्यांच्यासमोर ठरवा. त्याचं खेळणं, मित्र बंद होऊ देऊ नका.

मोठी मुलं मात्र विचारतात, मला पण होईल का? खोटं नका बोलू. शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, पण बहुतेकांना होत नाही, आणि झोप उडाली, मन सारखं उदास राहिलं तर लगेच सांग, आपण लगेच दाखवू. मी स्वतः हे ऐकलं तेव्हा कॉलेजात होते, आणि त्या रात्री मला खूप दिवसांनी शांत झोप लागली.