तुम्ही विचारलंत म्हणून: बोट उद्याची, मग आजच का पोचायचं?

आयल रॉयलहून परतले की हा प्रश्न ठरलेलाच. पाच दिवस पाठीवर सॅक वागवलीत, चाल संपली, मग आणखी एक अख्खा दिवस धक्क्यापाशी नुसत्या का बसून राहता? एक मुक्काम जास्त चाला, नाहीतर एक दिवस आधी घरी या. सुट्टी काय फुकट मिळते?

मिळत नाही. तरी बसते.

डोंगरातून उतरलं की निदान रस्ता लागतो. रस्त्यावर उभं राहिलं की उशिरा का होईना, काहीतरी मिळतंच. आयल रॉयल हे अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या प्रचंड तळ्यातलं 72 किमी लांबीचं बेट. तिथे गाड्या नाहीत आणि पायवाट संपते ती पाण्यापाशी. किनाऱ्यावरच्या होटन गावाला परतणारी बोट बेटाच्या पूर्व टोकाजवळच्या रॉक हार्बर धक्क्याहून सकाळी नऊला सुटते. रोज नाही, आठवड्यातले मोजकेच दिवस. ती गेली की पुढचे काही दिवस तुम्ही बेटाचे.

पहिल्या खेपेला हे सगळं माहीत होतं, तरी मी शहाणपणा केला. जाताना मैत्रीण आणि मी पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने बेटाच्या पश्चिम टोकाला, विंडिगोला गेलो आणि ग्रीनस्टोन रिजच्या धारेवरून, साधारण 65 किमी, पूर्वेकडे चालत आलो. शेवटचा मुक्काम डेझी फार्मला. तिथून रॉक हार्बर 11 किमी. पहाटे निघू, आरामात पोचू, असा हिशोब. रात्री पाऊस झाला. साडेतीनला हेडटॉर्च लावून निघालो, तर वाटेचा बराच भाग तळ्याकडे कललेल्या खडकांवरून, आणि खडक बुळबुळीत. मैत्रीण दोनदा घसरली. दुसऱ्यांदा ती उठेना. लागलं नव्हतं फारसं, रडू आलं होतं तिला. मी मात्र घड्याळाकडे बघत उभी. अजून लाज वाटते त्याची.

बोट मिळाली, नऊला दहा मिनिटं असताना. मी बाकावर बसले आणि बसल्याबसल्या झोपले. सहा तासांचा प्रवास. जाग आली तेव्हा मागे नुसतं पाणी होतं. ज्या बेटासाठी वर्षभर पैसे आणि रजा साठवली, त्याच्याकडे निघताना वळून बघायचंही राहून गेलं.

तेव्हापासून एक दिवस राखून ठेवते. गर्दीच्या महिन्यांत रॉक हार्बरच्या कॅम्पवर सलग एकच रात्र राहता येतं, आणि मला तेवढीच पुरते.

पोचल्यावर आधी नळ. हे वाक्य कुणाला वेडगळ वाटेल. पण पाच दिवस प्रत्येक घोट उकळून नाहीतर गाळून प्यायलेला असतो, कारण लांडगे आणि मूस नावाची मोठी हरणं यांच्यामुळे तिथल्या पाण्यात फीतकृमीची अंडी असू शकतात. मग आंघोळ. मग मोजे लाकडी निवाऱ्याबाहेर वाळत, पण बूट आत, कारण कोल्हे बूट पळवतात. दुपारी स्कोव्हिल पॉइंटपर्यंत रिकाम्या पाठीने फेरी. सॅक नसली की सुरुवातीला पाऊल चुकतं, आपण पुढे कलंडतोय असं वाटतं. वाटेत जमिनीत उथळ खळगे दिसतात. हजारो वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी तांब्यासाठी खणलेले. तेही तांबं घेऊन पाण्यावरूनच परत जात असणार. त्यांचा वाऱ्यापावसाचा अंदाज माझ्याहून बरा असावा.

(लांडग्यांचंही येणं-जाणं पाण्यावरच अवलंबून. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ते गोठलेल्या तळ्यावरून चालत आले. पुढे असा बर्फाचा पूल क्वचितच जमू लागला, नवे लांडगे येईनात, आणि शेवटी दोनच उरले. मग 2018-19 मध्ये 19 लांडगे माणसांनी आणून सोडले.)

संध्याकाळी धक्क्यावर गप्पा. आलेले आणि निघालेले लगेच ओळखू येतात: आलेल्यांना साबणाचा वास येतो, निघालेल्यांना धुराचा आणि घामाचा. माझ्या स्टोव्हच्या गॅसचा उरलेला डबा मी नव्या माणसाला देऊन टाकते. विमानात तो सामानातूनही नेता येत नाही, हातात तर नाहीच. हातात डबा ठेवला की समोरचा माणूस आपोआप विचारतो, पुढे वाट कशी आहे? मग मी बोलत सुटते, आणि बोलता बोलता पहिल्या दिवशीचं काही आठवतं, जे तोवर मी विसरलेच होते. घरी आल्यावर तेवढं सविस्तर कुणी विचारत नाही. तुम्हीसुद्धा फोटोच मागता.

दुसऱ्या दिवशी बोटीत मागच्या कठड्यापाशी उभी राहते. धारेवरची झाडं आधी एक रेघ होतात, मग ढग की जमीन ते कळेनासं होतं. तरी मी हटत नाही, गार वारा झोंबत असला तरी. होटनच्या अलीकडे कालव्यात शिरलं की फोन खिशात थरथरायला लागतो. तो मी पुलापर्यंत काढत नाही. बोट जावी म्हणून तिथला पूल मधला भाग वर उचलतो, दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबतात. मागच्या वर्षी एका गाडीतून एका लहान मुलाने हात हलवला. मीही हलवला, आणि मग फोन काढला. 214 मेसेज होते.