सोयाबीन निघालं की देते

नथी, ठुशा आणि महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, दागिने घरी बनवून विकायचं ठरवलं तेव्हा मोठी बालवाडीत जात होती आणि धाकटा रांगत होता. रांगतं लेकरू घरात असलं की खाली काही ठेवायची सोय नसते, आणि माझा तर सगळा माल मोती, खडे, तारेचे तुकडे! तोंडात किंवा नाकात जाणार नाही अशी एक वस्तू त्यात नाही. "लेकरं मोठी होऊ दे, मग कर," हे सासूबाईंपासून गल्लीतल्या समद्यांनी सांगून झालं. लेकरं मोठी झाली की त्यांची दहावी-बारावी येते, तेव्हा तर कोणी हातही लावू देणार नाही.

टाइमटेबल या वयाच्या लेकरांपुढं टिकत नाही. म्हणून मी घड्याळ बाजूला ठेवलं आणि कोणत्या कामाला किती लक्ष लागतं ते बघून वाटणी केली. लेकरं समोर असली की हळदीच्या कार्यक्रमाचे कापडी फुलांचे दागिने. फुलं मोठी, मऊ. मधूनच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावणं, फोटो पाठवणं, हिशोब लिहिणं हेही त्यातच. धाकटा दुपारी झोपला की नथी. चिकटवायचं काम रात्री, कारण गोंदाला वास असतो, आणि चिकटवलेला खडा सकाळपर्यंत कोणी हलवता कामा नये.

नथीला हात लावला की मध्ये उठता येत नाही. मी 26 नंबरची पितळी, सोनेरी पाण्याची तार वापरते. (तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, नवीन शिकणाऱ्या बायका हमखास उलटं समजतात.) मधला लाल खडा बसवायचा, त्याच्याभोवती मोती ओवत तार फिरवायची आणि प्रत्येक फेरीला ताण सारखा ठेवायचा. तार ओढताना तिला गाठीसारखा मुरड पडला की संपलं. तो सरळ केला तरी तार तिथंच कमजोर होते आणि पुढच्या एखाद्या ओढीला तुटते. मग सगळे मोती उतरवा आणि पहिल्यापासून धरा. "आई, शी!" असा आवाज आला की तार जागच्या जागी सोडून द्यायची, ओढत उठायचं नाही, एवढं हाताला आता पक्कं झालंय.

घरातली व्यवस्था अशी. शिलाई मशीनच्या टेबलावर पितळी परात, परातीत जुना टॉवेल. मोती पडला तर टॉवेलात रुततो, उडून खाली जात नाही. तरी एखादा जातोच. आमची फरशी शहाबादी, तिच्यावर बारीक सोनेरी मणी दिवसा दिसतच नाही. रात्री लाइट घालवून मोबाइलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरायची. मणी केवढाही असो, त्याची लांब सावली पडते. झोपायच्या आधी हे रोज, कंटाळा आला तरी. सकाळी धाकटा माझ्या आधी उठतो.

सुरुवातीचा माल परभणीतच घेतला. विक्री जमायला लागल्यावर रात्रीच्या गाडीनं हैदराबाद गाठलं. आमच्या भागातल्या बायकांना मुंबईच्या भुलेश्वरपेक्षा हैदराबादचा बेगम बाजार जवळचा. तिथं मोत्यांच्या लडी, मण्यांच्या टोप्या, हुक सगळं ठोकमध्ये मिळतं, पण ठोक म्हणजे ठोक. पाव किलोच्या खाली दुकानदार मान वर करत नाही. मी गल्लीतल्या अजून दोघींची यादी सोबत नेते आणि माल आल्यावर वाटून घेतो. एका बाबतीत मात्र मी स्वस्त बघत नाही, ती म्हणजे कानातल्याचे हुक. हलक्या हुकातून निकेल धातू सुटतो आणि काहींच्या कानाला तो सोसत नाही. कान लाल होतो, खाजतो, पाणी सुटतं. कानाला मी सर्जिकल स्टीलच वापरते. महाग पडतं, पण एका गिऱ्हाइकाचा कान चिघळला की ती बातमी दहा हळदी-कुंकवात फिरते.

कागदपत्रांचं लोक उगाच भ्या दाखवतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ असला की झालं. तसल्याच दिसणाऱ्या खाजगी साइट फी मागतात, तिकडं जायचं नाही. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या आतल्या उलाढालीवर, राज्यातल्या राज्यात विकत असाल तर, जीएसटी नोंदणी लागत नाही. माझी उलाढाल त्याच्या पासंगालाही पुरत नाही. फक्त आपण खरेदीवर भरलेला कर मग परत मिळत नाही, तो किमतीत धरायचा. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज बिनतारण मिळतं, पण मी घेतलं नाही. हप्ता महिन्याला असतो आणि माझा पैसा महिन्याला येत नाही. तो कसा येतो ते पुढं सांगते.

माझा खरा सीझन महालक्ष्म्या. आपल्याकडं बहुतेक घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळवर जातात, आणि या तीन दिवसांत आल्या-गेल्याची नजर मुखवट्यावर आणि दागिन्यावर. पण माणसाचा दागिना महालक्ष्मीला नीट बसत नाही. जुन्या पितळी मुखवट्यांना नाका-कानाला भोकं असतात, तीही मोठी. नव्या फायबरच्या काही मुखवट्यांना तर नसतातच, मग दाबाची नथ घसरते. साडी नेसवून पदर लावला की छातीशी इतकं कापड येतं की साधा हार गळ्यातच आखडतो. म्हणून मी व्हॉट्सॲपवर मुखवट्याचा फोटो मागवते, शेजारी पट्टी ठेवून. हाराचं माप सुतळीनं घ्यायला सांगते, तेही साडी नेसवलेल्या महालक्ष्मीचं. मागच्या वर्षीचा फोटो घरोघरी असतोच, त्यावरूनही अंदाज येतो. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघींचा साज अगदी सारखा लागतो. एकीच्या ठुशीत एक मणी कमी झाला तर सासू-सुनेत मोजणी होते, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

पोळा झाला की ऑर्डर बंद. पोळा श्रावणी अमावस्येला, त्यानंतर जेमतेम आठवडा उरतो आणि माझ्याही घरी महालक्ष्म्या बसतात.

किमतीवरून वाद रोजचा. "एवढ्याशा नथीचे दीडशे? बाजारात पन्नासला मिळते की!" मिळते. माझ्या नथीत मोती, खडा, तार मिळून 40 रुपये जातात, डबी आणि मोडतोड 20, आणि पाऊण तासाची माझी मजुरी 60. उरलेले 30 प्रवास, मोबाइल आणि फुकटच्या दुरुस्तीचे, कारण वर्षभरात तार सुटली तर मी फुकट बदलून देते. मजुरी वेगळ्या डब्यात टाकते, अगदी घरच्या कपाटातल्या डब्यात का होईना. ती मालाच्या पैशात मिसळली की धंदा चाललाय की आपण नुसते राबायलोय, हे कळत नाही. एका दुकानात जांगडवर, म्हणजे विकला गेला तरच पैसे अशा बोलीवर, माल ठेवला होता. विकलेल्याचे पैसे मागायला गेलं की "वैनी, पुढच्या आठवड्यात". तिथला माल मी उचलून आणला.

आता उधारीचं. खेड्यातल्या बायका माल भाद्रपदात नेतात आणि म्हणतात, "बाई, सोयाबीन निघालं की देते बघ." त्या फसवत नाहीत. त्यांच्या हातातच पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, आणि पावसानं दगा दिला तर तोही लांबतो. मला मात्र आषाढातच माल भरावा लागतो आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, त्यालाही पैसा लागतो. म्हणून मी निम्मा इसार आधी घ्यायला लागले. राहिलेल्याची वही माझी मोठी लेकच लिहिते. अक्षर गिचमिड आहे, पण गिऱ्हाइकासमोर लेकराकडून लिहून घेतलं की कोणी रक्कम नाकारत नाही.

शेजारच्या मावशींना मात्र इसाराची अट नाही. मी हैदराबादला जाते तेव्हा दोन्ही लेकरं त्यांच्याकडं जेवून, खेळून, तिथंच झोपतात. त्यांच्याकडं पैसे मागायची माझी टाप नाही, आणि त्या तरी कुठं नथीची किंमत विचारतात!