सरांचं कपाट

सरांच्या शहापूरच्या घरी पोचलो तेव्हा दारात रद्दीवाल्याचा काटा लागला होता. वाचनालयाला हवी ती पुस्तकं घ्या, बाकीची देऊन टाकतो, असं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं. त्याला रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतायचं होतं.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर दर शनिवारी वाचनालयात येत आणि माझ्या टेबलाशी उभे राहून स्पिनोझाविषयी बोलत. भिंगं घासणारा हा तत्त्वज्ञ १६७७ साली हेगमध्ये वारला. तेव्हा नोटरीनं त्याच्या सामानाची यादी केली, त्यात सुमारे १६० पुस्तकं होती. पुढं ती विकली गेली. १८९७ मध्ये हॉलंडात त्याच्या नावानं 'स्पिनोझाहाउस' ही संस्था निघाली. राइन्सबर्ग गावात तो राहायचा ते घर संस्थेनं राखलं, आणि त्या यादीबरहुकूम, जमेल तिथं त्याच आवृत्त्या मिळवून, त्याचं ग्रंथालय पुन्हा उभं राहिलं. १९४२ मध्ये नाझींनी ते उचलून नेलं. युद्धानंतर पुस्तकं परत आली. "यादी होती म्हणून," सर दर वेळी म्हणत. मला हे सगळं त्यांच्यामुळंच ठाऊक.

मी मुलाला म्हटलं, "निवडत नाही. आधी सगळी लिहून घेतो. संध्याकाळपर्यंत थांबा."

तो नाराज झाला. काकू मात्र म्हणाल्या, "लिहू दे की रे."

मग बसलो. मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच फळीवर. पुष्कळशा पुस्तकांना कन्नड वर्तमानपत्राचं कव्हर, वर सरांच्या बारीक अक्षरात मराठी नाव. एका जाड ग्रंथात निपाणीचं एसटी तिकीट खुणेला घातलेलं होतं. तिथला परिच्छेद पेन्सिलीनं तीन वेळा अधोरेखित, समासात एवढंच: "पटत नाही. परत वाच." ते पान मी बराच वेळ मिटलं नाही. सुटी पुस्तकं वाचनालयात पुष्कळ येतात. पण कशाशेजारी काय ठेवलं होतं, कुठं खूण होती, हे एकदा विस्कटलं की कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फळीचा क्रमही लिहिला.

साडेचारपर्यंत २१२ पुस्तकं झाली. रद्दीवाला केव्हाच काटा उचलून गेला होता.

काकूंनी वही मागितली. चष्मा लावून, बोट फिरवत सगळी पानं वाचली. मग म्हणाल्या, "एक राहिलं बघा. ते खानापूरच्या पोरानं नेलंय, परीक्षेला. तेही लिहा."

२१३ वं नाव लिहिलं. पुढं कंसात 'खानापूर'.