पुष्कर: रुसलेल्या सावित्रीच्या दारी

अजमेरहून पुष्करची बस अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. नागपहाडाचा घाट उतरला की रेताड मुलूख सुरू होतो, आणि त्यात ५२ घाटांनी वेढलेलं ते तळं.

कथा अशी, की ब्रह्मदेवाने वज्रनाभ दैत्याला हातातलं कमळ फेकून मारलं. त्याच्या पाकळ्या पडल्या तिथे तीन पुष्करं, म्हणजे तळी, झाली. आपण स्नान करतो ते ज्येष्ठ पुष्कर. पुढे यज्ञाचा मुहूर्त टळायला आला तरी त्याची पत्नी सावित्री येईना, म्हणून ब्रह्मदेवाने गायत्री नावाच्या गुर्जर मुलीशी लग्न करून तिला शेजारी बसवलं. सावित्रीने येऊन ते पाहिलं आणि शाप दिला, की पुष्करखेरीज कुठे तुझी पूजा होणार नाही. मग ती रुसून टेकडीवर जाऊन बसली.

आईने विचारलं, "वटपौर्णिमेची सावित्री ती हीच का गं?" ही नव्हे, पण नातं आहे. महाभारतात अश्वपती राजाने सावित्री देवीची आराधना केली, तिच्या वराने मुलगी झाली, म्हणून तिचं नाव सावित्री. एवढं ऐकल्यावर आई टेकडीला पायीच निघाली.

आदल्या संध्याकाळी घाटावर एका पंड्याने तिच्या ओंजळीत पाणी, फुलं, तांदूळ दिले, नाव-गोत्र विचारलं, आणि संकल्प अर्धा झाल्यावर मोठी रक्कम सांगितली. हातात पाणी घेऊन नाही म्हणवत नाही. तेव्हा दक्षिणा आधीच ठरवा. चपला घाटापासून लांब काढा, आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नका. गावात मांस-मद्य वर्ज्य आहे. रबडीचा मालपुवा मात्र खाच. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा भयंकर गर्दी असते, खोली फार आधी धरावी लागते.

ब्रह्मामंदिरात जमिनीत बसवलेलं चांदीचं कासव बघा. १८०९ साली या मंदिराचा जीर्णोद्धार दौलतराव शिंद्यांच्या मंत्र्याने केला, हे वाचून बरं वाटलं.

टेकडीसाठी पहाटे अंधारातच निघा. पायऱ्या चढायला तासभर धरा, पाणी जवळ ठेवा, प्रसाद माकडांपासून जपा. गुडघे दुखत असतील तर रोपवे आहे. आईने देवीला हिरव्या बांगड्या वाहिल्या आणि कठड्याशी उभी राहिली. खाली तळं, पलीकडच्या टेकडीवर गायत्रीचं देऊळ. "इथून तिला रोज दिसत असेल सगळं," आई म्हणाली, आणि ऊन वर येईपर्यंत तिथून हलली नाही.