ऑक्टाव्हिया आरएसचा एअरफ्लो मीटर : बदलण्याआधीची तपासणी आणि बदलल्यानंतरचे आकडे

जुन्या टर्बो पेट्रोल गाडीची ओढ कमी झाली की बेळगावात काय किंवा कोल्हापुरात काय, पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो, तो म्हणजे एअरफ्लो मीटर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा भाग, बदला. हा सल्ला पुष्कळदा खराही ठरतो. पण हा भाग स्वस्त नाही, बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत आणि नेमकी तीच लक्षणे दाखवणारे दुसरे बिघाडही आहेत. त्यामुळे नवा मीटर मागवण्यापूर्वी जुना मीटर दोषी असल्याचे आकड्यांनी सिद्ध झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माझ्याकडच्या २००५ सालच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर हे काम कसे केले, ते येथे तपशीलवार लिहीत आहे. सीमाभागात अशा जुन्या गाड्या जिव्हाळ्याने सांभाळणारे लोक अजून आहेत आणि त्यांना या नोंदींचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

या गाडीचे इंजिन १७८१ सीसीचे, चार सिलिंडरांचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले आणि १५० अश्वशक्तीचे आहे. बिघाडाची लक्षणे हळूहळू दिसू लागली. गोव्याहून परतताना साखळीकडून चोर्ला घाट चढताना पूर्वी जी गाडी तिसऱ्या गियरमध्ये सहज ओढत असे, ती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे अडवून धरल्यासारखी वाटू लागली. सपाट रस्त्यावर, शहरात, टिळकवाडी ते कॅम्प अशा रोजच्या फिरण्यात मात्र काहीच जाणवत नसे. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवाही लागला नव्हता.

मीटर बिघडतो म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी तो काय मोजतो ते पाहावे लागते. एअर फिल्टरची पेटी आणि टर्बोकडे जाणारा रबरी पाइप यांच्या मध्ये तो बसतो. बॉशच्या या पिढीच्या मीटरमध्ये अतिशय पातळ, तापवलेली फिल्म असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजणारे सूक्ष्म घटक असतात. हवा वाहू लागली की येणाऱ्या बाजूचा घटक अधिक थंड होतो, जाणाऱ्या बाजूचा कमी, आणि या फरकावरून हवेचे वस्तुमान ठरते. हवा किती लिटर गेली हे येथे मोजले जात नाही, किती ग्रॅम गेली हे मोजले जाते. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावातली विरळ हवा आणि पणजीची दाट हवा यांतला फरक इंजिनाच्या काँप्युटरला वेगळा सांगावा लागत नाही. मिळालेल्या आकड्यावरून काँप्युटर पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे असते. इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा टाकायची तेही, याच आकड्यावर अवलंबून असते. मीटरने हवा कमी सांगितली, तर इंजिनावर भार कमी आहे असे समजून काँप्युटर ठिणगी लवकर टाकतो, मग नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणे) सुरू होते आणि नॉक सेन्सरच्या सूचनेवरून टायमिंग पुन्हा मागे घ्यावे लागते. चढावर गाडी अडखळते ती पेट्रोल कमी पडते म्हणून, आणि टायमिंग मागे गेले म्हणूनही.

आपल्या भागात हे मीटर लवकर खराब होण्याची कारणे डोळ्यांसमोरच आहेत. गळीत हंगामात चिकोडी, निपाणी, संकेश्वर या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांमागून तासन्‌तास जाताना धूळ आणि पाचटाचा चुरा फिल्टरपर्यंत पोहोचतो. खानापूरच्या पुढे तांबड्या मातीची बारीक धूळ असते आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात हवा अक्षरशः भिजलेली असते. फिल्टर चांगला असला आणि पेटीचे झाकण नीट बसलेले असले, तर यातले फारसे काही आत जात नाही. खरा धोका झाकणाची एखादी क्लिप तुटल्यामुळे राहिलेल्या फटीचा आणि तेल लावलेल्या कापडी फिल्टरांचा असतो. त्या फिल्टरांना तेल जास्त लागले की त्याचा सूक्ष्म अंश फिल्मवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. जुन्या हॉट-वायर मीटरमध्ये इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर लाल होईपर्यंत तापवून घाण जाळून टाकण्याची सोय असे. या फिल्मच्या मीटरमध्ये ती नाही.

आमचे मेस्त्री या गाड्यांवर वर्षानुवर्षे हात चालवलेले आहेत. त्यांनी काँप्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, इंजिन आयडलवर (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला) ठेवून आकडा पाहिला आणि म्हणाले, “सर, आयडलला तर बरोबर दाखवतोय की हा.” आकडा ३.४ ग्रॅम प्रति सेकंद होता आणि या इंजिनासाठी दोन ते चार ग्रॅम हे योग्यच मानले जाते. पण घाण बसलेल्या फिल्मचा स्वभाव असा की कमी हवेत ती थोडी जास्त दाखवते आणि जास्त हवेत बरीच कमी. म्हणून आयडलवरच्या आकड्यावरून मीटरला निर्दोष ठरवता येत नाही. पूर्ण थ्रॉटलवरचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचा, आकडाच घ्यावा लागतो. मेस्त्रींना हे पटवून द्यावे लागले नाही, लॅपटॉप जोडून चढावर जाऊ या, असे तेच म्हणाले.

राष्ट्रीय महामार्गावर वंटमुरीच्या चढाला, वाहतूक मोकळी असताना, दुसऱ्या गियरमध्ये २५०० फेऱ्यांपासून ५५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊन नोंद घेतली. दुसरा गियर मुद्दाम निवडला; त्यात वेग शंभराच्या आत राहतो आणि चढामुळे नोंद घ्यायला पुरेसा वेळही मिळतो. ही नोंद शेजारी बसलेल्या माणसानेच घ्यावी, चालवणाऱ्याने लॅपटॉपकडे पाहूही नये. ढोबळ हिशेब असा आहे की इंजिन जितकी अश्वशक्ती देते, त्याला ०.८ ने गुणले की जास्तीत जास्त किती ग्रॅम हवा दर सेकंदाला लागेल ते कळते. १५० अश्वशक्तीला हा आकडा १२० येतो. आम्हाला मिळाला ८४. इतकी तफावत असली की एकतर इंजिन खरोखरच कमी हवा घेत असते, नाहीतर मीटर खोटे सांगत असतो. यातले कोणते खरे, ते ठरवायला पेट्रोलच्या दुरुस्तीचे आकडे लागतात.

बाहेर जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरच्या मदतीने काँप्युटर मिश्रण सतत सुधारत असतो आणि ही सुधारणा टक्क्यांत साठवून ठेवतो. या गाडीत स्कॅनरवर ३२ क्रमांकाच्या गटात दोन आकडे दिसतात, पहिला आयडलचा आणि दुसरा चालत्या गाडीचा. दोन्ही साधारण दहा टक्क्यांच्या आत असावेत. माझ्या गाडीत दुसरा आकडा अधिक १३ होता, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा जास्त हवा आत जात होती. पहिला मात्र जवळजवळ शून्य होता आणि मला त्याचेच आश्चर्य वाटले, कारण आयडलवर जास्त दाखवणारा मीटर असेल तर हा आकडा उणे असायला हवा होता.

येथे आपल्या पेट्रोलचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते आणि आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते बनवण्यात पुढे आहेत. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे अशा पेट्रोलला हवा कमी लागते, प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ वर येते. जुन्या गाडीच्या काँप्युटरला हे ठाऊक नसते. तो फक्त मिश्रण पातळ झाल्याचे पाहतो आणि सहा-सात टक्के पेट्रोल वाढवतो. म्हणजे माझ्या तेरा टक्क्यांतले निम्मे इंधनामुळे होते. परदेशी माहितीपुस्तकांतल्या मर्यादा जशाच्या तशा लावून मीटरला दोष देणारे बरेच जण हा हिशेब विसरतात.

पुढचे काम गळती शोधण्याचे होते आणि मीटरवर एक रुपयाही खर्च करण्याआधी ते केलेच पाहिजे. मीटरच्या पुढे कुठेही चीर असेल, तर आयडलवर इंजिनातल्या निर्वातामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते, आणि टर्बोचा दाब चढला की मोजलेली हवा बाहेर निसटते. उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून नायलॉनच्या रॉडातून पाइपाच्या तोंडात घट्ट बसेल असे बूच करून घेतले आणि त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. बेळगावात राहण्याचे हे एक सुख आहे. असे काम चहा पिऊन होईपर्यंत हातात मिळते. मीटर काढून त्या जागी बूच बसवले, अर्धा बार दाब दिला आणि सर्व पाइपांवर साबणाचे पाणी सोडले. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) खालून जाणाऱ्या, इंजिनातली तेलकट वाफ परत हवेच्या मार्गात नेणाऱ्या ब्रीदर पाइपावर बारीक फेस येऊ लागला. पाइप हातात घेतल्यावर दिसले की वाकाच्या आतल्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढी चीर होती आणि रबर इतके फुगले होते की दाबले की बोटाला काळे तेल लागत होते.

पाइप बदलला आणि आयडलच्या दुरुस्तीचा आकडा काही दिवसांत उणे चारवर गेला. दोन बिघाड एकमेकांना झाकत होते : मीटर आयडलवर हवा जास्त सांगत होता आणि चिरेतून न मोजलेली हवा आत येत होती, त्यामुळे बेरीज शून्याच्या जवळ दिसत होती. शेवटचा पुरावा व्होल्टमीटरने दिला. इंजिन बंद आणि चावी चालू असताना, हवा वाहत नसताना, मीटरच्या सिग्नलच्या तारेवर एक व्होल्ट मिळायला हवा. मिळाला १.१६. बारा आणि पाच व्होल्टचे पुरवठे व अर्थची तार ठीक होती. हे तपासणे आवश्यकच आहे, कारण भातकापणीनंतर घराच्या आसऱ्याला येणारे उंदीर तारा कुरतडतात हे येथे सर्वांना माहीत आहे. मीटरसाठीच मिळणाऱ्या स्प्रेने फिल्म धुऊनही पाहिली. आकडा १.१२ वर आला आणि तिथेच थांबला. कार्ब्युरेटर क्लीनर, काँप्रेसरची हवा किंवा कापसाचा बोळा मात्र या फिल्मला कधीही लावू नये.

नवा मीटर घेताना भागाचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. फिल्म सगळी हवा मोजत नाही, मधल्या एका अरुंद मार्गातून जाणारा वाटाच मोजते आणि बाहेरच्या नळीच्या व्यासावरून एकूण हवेचा हिशेब काँप्युटरमध्ये आधीच बसवलेला असतो. त्यामुळे दिसायला सारखाच, पण दुसऱ्या इंजिनासाठीचा मीटर पूर्णपणे चुकीचा आकडा देतो. फारच स्वस्त मिळणारे मीटर मी घेतले नाहीत आणि कोणी घ्यावेत असेही मला वाटत नाही. त्यांची मोजणी आयडलवर जुळते आणि वरती भरकटते, म्हणजे नवा भाग लावून जुनाच बिघाड विकत घेतल्यासारखे होते.

बसवण्याचे काम सोपे आहे. चावी बंद करून प्लग काढला. त्याची लॅच वीस वर्षांनी ठिसूळ झालेली असते, म्हणून ती ओढण्याआधी पूर्ण दाबली. फिल्टरपेटीचे स्क्रू आणि पाइपाची क्लिप सोडवली, नव्या मीटरवरचा बाण इंजिनाच्या दिशेला असल्याची खात्री केली, रबरी रिंगला किंचित सिलिकॉन ग्रीस लावले, पेटीतली जुनी धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि नवा कागदी फिल्टर टाकला. पेटीची एक क्लिप सैल होती. तीही बदलली, कारण मूळ रोग बहुधा तिथेच होता. मग स्कॅनरने साठवलेल्या जुन्या दुरुस्त्या पुसल्या, म्हणजे काँप्युटर नव्या आकड्यांवरून पुन्हा शिकू लागतो.

चावी चालू, इंजिन बंद : १.०० व्होल्ट. आयडलवर २.८ ग्रॅम. वंटमुरीच्या त्याच चढावर, त्याच गियरमध्ये, ५५०० फेऱ्यांना ११४ ग्रॅम. दोनतीन आठवड्यांच्या वापरानंतर आयडलची दुरुस्ती शून्याच्या जवळ आणि चालत्या गाडीची अधिक सहावर स्थिर झाली आहे. हे सहा टक्के इथेनॉलचे आहेत. ते कमी करण्यासाठी आणखी भाग बदलण्याचे कारण नाही. पावसाळा संपला की पेटी उघडून फिल्टरच्या स्वच्छ बाजूला धुळीचा माग दिसतो का ते पाहीन, आणि व्होल्टचा आकडा त्याच वेळी पुन्हा घेईन.