तुम्ही विचारलंत म्हणून : वेगळं राहणं आणि लांब राहणं

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आम्ही राहायला आलो, त्याला आता 19 वर्षं झाली. आमच्या घराला लागूनच मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबाचं शेत आहे. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहता, त्यांनी तुम्हाला आपल्यात ओढायचा प्रयत्न नाही केला?’’ नागपूरला गेले की आमच्या चर्चमधल्या बायका नेमकं उलट विचारतात, ‘‘जगापासून एवढी फटकून राहणारी माणसं, ती सुवार्ता सांगणार तरी कुणाला?’’ उभ्याउभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आधी एक गोंधळ दूर करते. हे घोडागाडीवाले अमिश नव्हेत. यांच्याकडे मोटारी आहेत, वीज आहे, ट्रॅक्टर आहे. टीव्ही आणि रेडिओ नाही. पुरुषांचा कोट कॉलर नसलेला, बायकांचे झगे एकाच साध्या बेताचे आणि डोक्यावर पांढऱ्या जाळीची टोपी. न्यायालयात शपथ घ्यायची नाही, कुणावर फिर्याद लावायची नाही, सैन्यात जायचं नाही. उपासनेत वाद्य नाही, नुसत्या गळ्यांनी चार सुरांत गायचं. पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, पगार नसतो आणि त्याची निवड चिठ्ठीनं होते. पाळक म्हणून जितकी नावं सुचवली जातात तितकी पुस्तकं टेबलावर मांडतात, त्यातल्या एकात चिठ्ठी असते. ती ज्याच्या हाती येईल तो मरेपर्यंत पाळक. आमच्या शेजारच्या आजोबांच्या हाती ती तिशीतच आली. तेव्हापासून ते सकाळी गाईंचं बघतात आणि रात्री प्रवचनाची तयारी करतात.

टोपीचं मला पहिल्या दिवशीही नवल वाटलं नाही. प्रार्थनेला बसताना आई डोक्यावरून पदर घेत असे, बायबलमधल्या त्याच वचनासाठी: प्रार्थना करताना स्त्रीनं डोकं झाकावं. आणि ‘मेनोनाइट’ हा शब्द तर मी लहानपणीच ऐकला होता, कारण माझी आत्या धमतरीच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली. 1897 च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी हिंदुस्थानात धान्य पाठवलं आणि 1899 मध्ये त्यांचे मिशनरी धमतरीला उतरले. तो मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, कारभार आमच्या नागपुरातून चालायचा. अनाथ मुलांसाठी घरं, महारोग्यांसाठी आश्रम, शाळा, दवाखाना, सगळं त्यांनी उभं केलं. म्हणजे ‘ही माणसं कुणाकडे जात नाहीत’ असं म्हणणाऱ्याला आत्याचं प्रमाणपत्रच दाखवता आलं असतं.

तरीही नागपूरच्या बायकांचा प्रश्न खोटा नाही.

शेजाऱ्यांच्या शेताच्या कडेला रस्त्यालगत एक टपरी आहे. जूनमध्ये तिथे स्ट्रॉबेरी असते, ऑगस्टमध्ये मक्याची कणसं. विकायला कुणी बसत नाही. पैसे डब्यात टाकायचे. डब्याच्या बाजूला तारेची छोटी घडवंची आणि तिच्यात धर्मप्रचाराच्या पत्रिका: पाप, पश्चात्ताप, शांती. मी सुरुवातीला दोन-तीन उचलल्या. त्यांचं काय केलंस, असं मला कधी कुणी विचारलं नाही. वर्षानुवर्षं त्यांचा प्रचार मला एवढाच दिसत होता आणि मनात म्हणायचे, हा काय प्रचार झाला?

मग एका वर्षी गोठ्याच्या छपराचं काम घेतलेला एक ठेकेदार आगाऊ पैसे घेऊन पसार झाला. रक्कम मोठी होती. माझे यजमान आजोबांना म्हणाले, ‘‘वकील मी बघून देतो, तुम्ही फक्त सही करा.’’ आजोबांनी मान हलवली. थोड्या महिन्यांनी त्याच माणसाची बायको आजारी असल्याचं कळलं, तेव्हा आजींनी तिकडे जेवण पाठवलं. माझ्या यजमानांना त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आजोबांकडे गेले आणि विचारलं, ‘‘हे तुम्हाला जमतं कसं?’’ गोठ्यात उभे राहून दोघं दोन तास बोलत होते. आमच्या घरात ‘शत्रूवर प्रेम करा’ सांगणाऱ्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाबद्दल इतकं मनापासून बोलणं त्याआधी झालं नव्हतं आणि आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत.

ही त्यांची मूळ समजूत. आपण निराळे जगलो की लोक विचारतील, आणि विचारलं की सांगायचं. डोंगरावर वसलेलं नगर लपत नाही, तसं. वेगळं राहणं हीच त्यांची साक्ष आहे. मला ही गोष्ट पटते. फटकून राहण्यातून काही सांगितलं जात नाही असं म्हणणाऱ्यानं तो गोठा पाहिला नाही.

पण विचारणारा जवळ असायला लागतो. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं.

या पंथाची सुरुवात शेतात झालीच नाही. 21 जानेवारी 1525 ला झुरिक शहरात, फेलिक्स मान्झच्या आईच्या घरी, काही तरुणांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्मा जन्मानं मिळू नये, समजून-उमजून घ्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी शहराच्या सरकारनं मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. त्याच 1527 च्या फेब्रुवारीत श्लाइटहाइम गावी सात कलमं ठरली. त्यात जगाच्या वाईटापासून वेगळं होण्याचं एक कलम आहे, आजही सगळे त्याचाच आधार देतात. ती कलमं लिहिणाऱ्या मिखाएल झाटलरला मे महिन्यात जाळलं. आणि तरी त्याच ऑगस्टमध्ये ऑग्सबुर्गला जमलेल्या पंथबंधूंनी गावोगावी प्रचारक पाठवायचं ठरवलं! त्यातले बरेच जण पुढे मारले गेले. म्हणजे वेगळं होण्याचं कलम आणि बाहेर पडण्याचा ठराव एकाच वर्षातले आहेत. ती माणसं गल्लीबोळांत राहत होती, त्यांच्या वागण्याकडे शेजाऱ्यांचं लक्ष होतं, आणि त्यांना यात कुठे विरोध दिसला नव्हता.

अंतर नंतर आलं. जिवाच्या भीतीनं ती माणसं डोंगरात, आडरानात गेली. पुढे जमीनदार आणि राजे त्यांना बोलवायला लागले, कारण दलदलीची जमीनही ही माणसं पिकवून दाखवत. सौदा साधा होता: राहा, कसा, तुमच्या पद्धतीनं प्रार्थना करा, पण आमच्या लोकांना तुमच्यात घेऊ नका. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिनं 1763 च्या जाहीरनाम्यात परदेशी वसाहतवाल्यांना धर्माचं स्वातंत्र्य दिलं, त्यालाही अशीच अट होती की ख्रिस्ती प्रजेला आपल्या पंथात ओढायचं नाही. मेनोनाइट तिकडे गेले ते ही अट पत्करून. जर्मन भाषेत त्यांना ‘देशातले शांत लोक’ म्हणत. शांत राहणं ही जगण्याची किंमत होती. दोन-तीनशे वर्षं तीच किंमत भरत राहिलं की ती श्रद्धेचाच भाग वाटायला लागते. पेनसिल्व्हेनियात अशी कोणतीही अट नव्हती, पण इथे येताना ते ती सवय बरोबर घेऊन आले.

मला वाटतं, त्यांच्या हातून दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. वेगळं राहणं त्यांनी निवडलं होतं. लांब राहणं त्यांच्यावर लादलं गेलं होतं. आज दोन्ही एकाच निष्ठेनं जपली जातात.

आजोबांना मी हे बोलून दाखवलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांची बाजू मांडली, ती मला इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रविवारची शाळा, जागृती सभा, इंग्रजीतून प्रवचन या गोष्टी आल्या आणि त्यावरून मंडळ्या, म्हणजे गावोगावची चर्चं, दुभंगल्या. प्रचाराचा उत्साह वाढला तसा जगाचा वावरही वाढला. विसाव्या शतकाच्या मध्यावर लँकेस्टरच्या मंडळ्यांत पोशाख सैल झाला, घरांत टीव्ही आला आणि 1968 च्या सुमारास काही जण बाहेर पडून जुन्या शिस्तीनं राहू लागले. आजोबा त्यांच्यातलेच. ते म्हणाले, ‘‘माझ्या वडिलांनी बाहेरच्या चार माणसांसाठी दार उघडलं. ती चार आली की नाही ते मला आठवत नाही. माझे दोन भाऊ त्या दारातून बाहेर गेले, ते आठवतं.’’ यावर मी काय बोलणार? ही भीती खुळी नाही. माझ्याच नागपूरच्या चर्चमधले आम्ही इतके सगळ्यांसारखे झालो आहोत, की आमच्याकडे पाहून कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. माझे यजमान आजोबांकडे गेले तसं माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

आणि लांबच्या देशांत जायला ही माणसं कचरत नाहीत. ग्वातेमाला, बेलीझ, हैती, सगळीकडे त्यांचं काम आहे. ओहायोच्या ख्रिश्चन एड मिनिस्ट्रीजचे 17 जण ऑक्टोबर 2021 मध्ये हैतीत एका अनाथालयाला भेट देऊन परतताना पळवले गेले. त्यांत आठ महिन्यांचं तान्हं बाळ होतं. पाच जण आधी सुटले, उरलेल्या बारा जणांनी डिसेंबरात रात्रीच्या अंधारात चालत सुटका करून घेतली. मधल्या दोन महिन्यांत घरच्यांनी पळवणाऱ्यांसाठी प्रार्थना केल्या आणि तसं उघड सांगितलं. आमच्या शेजारच्या मंडळीतही त्या दिवसांत रोज प्रार्थना चालायची. मी गेले होते. पळवणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा तो आवाज ऐकताना मला रडू आवरलं नाही.

मला अवघड वाटतं ते जवळचं. लँकेस्टर शहरात प्वेर्तोरिकन लोकांची मोठी वस्ती आहे. तिथली एक मुलगी उन्हाळी बायबल शाळेत लहान भावाला सोडायला यायची, ती हळूहळू मंडळीतच आली. टोपी घेतली, झगे शिवून घेतले, टीव्ही काढून टाकला, चार सुरांतलं गाणं शिकली. तीन वर्षं टिकली आणि गेली. सगळ्यांना वाटतं, नियम झेपले नाहीत. मला तिनं वेगळं सांगितलं. दोन मेनोनाइट भेटले की पहिल्या पाच मिनिटांत नातं काढतात. तू कुणाची, तुझी आजी कुठल्या गावची, म्हणजे माझ्या मावशीच्या जावेची... आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर ‘मूळचे कुठले?’ विचारतात ना, अगदी तसं. त्यात वाईट हेतू नसतो. पण दर वेळी त्या प्रश्नापाशी तिचं बोलणं संपायचं. रविवारी उपासना झाली की सगळे आपापल्या सासरी-माहेरी जेवायला जायचे आणि ती बसने घरी.

जन्मानं बाप्तिस्मा मिळू नये म्हणून ज्या लोकांनी जीव दिले, त्यांच्यात आता जन्मानंच घर मिळतं. पंथाची जात कशी होते, हे आपल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. मला ते बघताना दुःख होतं, कारण ही माणसं मला प्रिय आहेत.

एकदा त्यांच्या तरुण मुलामुलींबरोबर मी न्यूयॉर्कला गेले. भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभं राहून ती गातात. चार सुर त्या फरशांवरून असे घुमतात की धावत जाणारी माणसं थबकतात. बाकावर झोपलेला एक म्हातारा उठून बसला, गाणं संपेपर्यंत ऐकत राहिला आणि एका मुलीला म्हणाला, ‘‘तुमचं चर्च कुठे आहे? रविवारी येईन म्हणतो.’’ ती गोंधळली. मग म्हणाली, ‘‘लँकेस्टरला. इथून तीन तास.’’ त्यानं मान हलवली आणि पत्रिका खिशात ठेवली. आम्ही रात्री दहाला गाडीत बसलो. ती मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती आजोबांची नात.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, त्यांनी मला विचारलं, पण अकराव्या वर्षी. मी कणसं घ्यायला गेले होते. आजोबा टपरीपाशी होते. ते म्हणाले, ‘‘तुम्ही ख्रिस्ताच्या आहात का?’’ माझा चेहरा उतरला असणार. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं विहीर बंद केली होती, आणि हे मला विचारतात? पण घरी येऊन कणसं सोलताना लक्षात आलं, की हा प्रश्न मला आयुष्यात आधी कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, मीसुद्धा. चार दिवसांनी जाऊन मी त्यांना उत्तर दिलं. ते काय दिलं ते त्यांच्या-माझ्यातच राहू दे. टोपीचा विषय त्यांनी काढला नाही.

गेल्या वर्षी त्या नातीचं लग्न झालं. ती आणि तिचा नवरा शेत सोडून लँकेस्टर शहरात एका चाळवजा घरात राहायला गेले, आणखी दोन कुटुंबं त्यांच्यामागून गेली. आजोबांनी आशीर्वाद दिला. त्यासाठी त्यांना किती प्रार्थना करावी लागली ते मी पाहिलं आहे. त्या घरात भिंतीवर डर्क विलेम्सचं चित्र आहे, त्यांच्या बहुतेक घरांत असतं. 1569 मध्ये हॉलंडात तो पळत होता, पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, डर्क मागे फिरला, त्याला ओढून काढलं आणि मग स्वतः पकडला जाऊन जाळला गेला. चित्राखाली जेवणाचं टेबल. त्याला नवऱ्यानं दोन फळ्या जोडून ते लांब केलं आहे.

ती निघून गेलेली मुलगी तिथून चार गल्ल्यांपलीकडे राहते. मागच्या महिन्यात नातीनं मला फोन केला. ‘‘मावशी, आम्ही तिच्याकडे गेलो तर तिला राग येईल का?’’

मी म्हटलं, ‘‘जा. पत्रिका नेऊ नका. आणि तिला जेवायला बोलवायच्या आधी तुम्हीच तिच्याकडे जेवायला बसा.’’

अजून ती दोघं गेलेली नाहीत. मी रोज विचारते.