मग खरं कॉलेज कधी?

"ऑनलाइनच ना? मग खरं कॉलेज कधी करणार?"

मेडिकलमध्ये शेजारी उभे असलेले काका काउंटरवरच्या पोराला विचारत होते. त्याच्या एका कानात इअरफोन, मोबाइल कफ सिरपच्या खोक्याला टेकवलेला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो जुन्या बिलाच्या पाठीवर संभाव्यतेची गणितं सोडवत होता. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा कोर्स.

पोरगा काहीच बोलला नाही. व्हिडिओ थांबवला, काकांना सुट्टे पैसे दिले.

मला मात्र ते फार लागलं. त्या कोर्सला जेईई लागत नाही हे खरं. पण आधी चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि पुढचे पेपर केंद्रावर जाऊनच लिहायचे असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. (मान्यता मात्र प्रवेशाआधी नक्की तपासा, फसवणारेही आहेत.)

नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना, संसारातल्या बायकांना शिकवतंय. तरी पाठीवर सॅक आणि गळ्यात आयकार्ड दिसल्याशिवाय आपल्याला शिक्षण दिसतच नाही.

तुमच्या घरात असं कोणी शिकतंय का? त्यांना अभ्यासाला निवांत तास मिळतो का?